गाडी कुठवर आली ते विचारा: डायलिसिसवाल्यांसाठी एका कंडक्टरच्या चार गोष्टी

एसटीत सोळा वर्षं कंडक्टर होतो. डायलिसिस लागल्यावर हलकं काम मिळालं आणि पाटणच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलो. तिथं एक गोष्ट कळली. माणूस येतो आणि विचारतो, "चिपळूण गाडी कधी येईल?" खिडकीतून उत्तर जातं, "येईल की आता." हे खोटं नाही आणि खरंही नाही. दुसरा येतो आणि विचारतो, "कराडातनं किती वाजता सुटली?" आता वही बघावी लागते, नाहीतर कराडला फोन लावावा लागतो. "नऊ वीसला सुटली." चहा प्यायला वेळ आहे की नाही, ते त्याचं त्याला कळतं.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पहिल्या माणसासारखा गेलो. एप्रिल २०१९. वय सेहेचाळीस. दहा वर्षं रक्तदाब अंगावर काढला होता. कंबरदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून खाल्ल्या होत्या. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ५.९ आलं होतं. मी विचारलं, "डॉक्टर, घाबरण्यासारखं काही नाही ना?" उत्तर मीच प्रश्नात भरून दिलं होतं. ते म्हणाले, "काळजी घ्या, मीठ कमी करा, महिन्यानं या." आणखीही काही म्हणाले असतील. मला "काळजी घ्या" तेवढंच ऐकू आलं. घरी येताना मी पेढे घेतले होते, हे सांगायला आज लाज वाटते.

म्हणून पहिली गोष्ट, प्रश्न घरून लिहून न्या, आणि असे लिहा की उत्तरात आकडा किंवा तारीख यावीच लागेल. माझा जीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय तो आकडा, आज किती आहे? सहा महिन्यांपूर्वी किती होता? या चालीनं गेला तर डायलिसिस साधारण कधी लागेल? सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा आकार किती आला? हा शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. मूत्रपिंडं आक्रसून लहान झाली असतील तर दुखणं बहुतेक जुनं असतं आणि गेलेलं काम परत येत नाही. पण साप चावला, लेप्टोचा ताप आला, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं आणि मूत्रपिंडं अचानक बसली, असं असेल तर डायलिसिस काही दिवसांपुरतं लागून सुटूही शकतं. आमच्या डोंगरी भागात पावसाळ्यात असे पेशंट येतात, महिना-दीड महिन्यात घरी जातात आणि परत दिसत नाहीत. म्हणून "एकदा मशीनला लागलं की कायमचं" हे सगळ्यांना लागू नाही. माझं जुनं होतं. मला लागू होतं.

सोबत एक माणूस न्या आणि लिहिण्याचं काम त्याला द्या. माझी बायको लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे आणि डॉक्टरांना "म्हणजे काय?" असं विचारायला ती लाजत नाही.

कधी सुरू करायचं

क्रिएटिनिन अमुक झालं की लगेच डायलिसिस, असा नियम नाही. २०१० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लवकर सुरू केलेले आणि त्रास सुरू होईपर्यंत नीट लक्ष ठेवून थांबलेले, अशा दोन गटांची तुलना केली होती. लवकर सुरू केल्यानं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्यामुळे फक्त आकड्यावरून कुणी घाई करत असेल तर विचारा, "मला आत्ता कशासाठी लागतंय? पाणी छातीत साठलंय म्हणून, पोटॅशियम वाढलंय म्हणून, की उलट्या होतात म्हणून?" कारण सांगितलं तर मुकाट्यानं पडा. आडवं झोपल्यावर दम लागत असेल, उठून बसावं लागत असेल, तर प्रश्न विचारत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

पण सुरू करणं लांबवणं वेगळं आणि तयारी लांबवणं वेगळं. मी दुसरं केलं. डॉक्टरांनी मे महिन्यातच फिस्टुला करून घ्या म्हणून सांगितलं होतं. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडतात, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि सुया टोचता येतात. मला वाटलं, हाताला टाके पडले की आपण आजार मान्य केला. दिवाळीनंतर बघू म्हटलं. ऑगस्टमध्ये रात्री दोन वाजता दम कोंडला आणि मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागलं. त्या नळीला तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्ग झाला. मशीन चालू होताच अशी थंडी भरायची की खाट हलायची. मानेची नळी असताना डायलिसिसमध्ये हुडहुडी भरली तर ताप समजून क्रोसिन घेऊ नका, तिथल्या तिथं सिस्टरला सांगा. रक्त तपासायला पाठवावं लागतं.

फिस्टुला तयार व्हायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून तो आधी. ज्या हातानं लिहीत नाही त्या हाताला करतात. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, सलाईन नाही, घड्याळ नाही, पिशवी अडकवणं नाही. लॅबवाला पोरगा ती फुगलेली शीर बघून खूश होतो. त्याला हात द्यायचा नाही. रोज सकाळी बोटं ठेवून बघायचं. थांबलेल्या गाडीचं इंजिन चालू असताना बाकावर हात ठेवला की जशी थरथर लागते, तशी लागली पाहिजे. एखाद्या सकाळी थरथर नसेल तर डायलिसिसच्या वाराची वाट बघू नका. त्याच दिवशी जा. आत गुठळी झालेली असते आणि तास मोजलेले असतात.

हिपॅटायटिस बी ची लस याच काळात घ्या. आपल्याला डोस दुप्पट असतो आणि चार वेळा घ्यावा लागतो.

पोटातून करायचं डायलिसिसही असतं, सीएपीडी. पोटात नळी बसवतात आणि घरीच दिवसातून तीन-चार वेळा साधारण दोन लिटरची पिशवी आत-बाहेर करायची. ज्यांचं गाव मशीनपासून फार लांब आहे त्यांनी ते विचारावंच. पुष्कळ ठिकाणी ते कुणी आपणहून सांगत नाही. स्वच्छता मात्र देवघरासारखी लागते. आमच्या घरात तेव्हा दोन म्हशी होत्या, मी हिंमत केली नाही.

पाण्याचा हिशोब

लोक विचारतात, डायलिसिसनं मूत्रपिंडाचं सगळं काम होतं का? नाही. आठवड्याचे तास १६८. निरोगी मूत्रपिंड सगळे तास काम करतं. आपलं मशीन चार तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर बारा तास. उरलेले १५६ तास तुमच्या तोंडावर अवलंबून. म्हणून दोनदाच या म्हटलं तर मी विचारतो, "हे माझ्या तब्येतीवरून सांगताय की खाटा कमी आहेत म्हणून?" एका तरुण डॉक्टरांनी खरं सांगितलं, खाटा कमी आहेत. मी रागावलो नाही. तिसरी पाळी दुसरीकडे लावून घेतली.

'ड्राय वेट' हा शब्द पाठ करा. अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. माझं ५८ किलो. आता कंडक्टरी हिशोब. एका तासात किलोमागे तेरा मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी ओढलं तर हृदयावर ताण येतो, असं मानतात. ५८ गुणिले १३ म्हणजे ७५४. तासाला पाऊण लिटर, चार तासांत तीन लिटर. म्हणजे दोन पाळ्यांच्या मध्ये माझं वजन तीन किलोच्या आत वाढायला हवं, दोन-अडीच असेल तर उत्तम. एकदा पुतणीच्या लग्नात साडेचार वाढवून गेलो. टेक्निशियननं सगळं काढायचं ठरवलं, मीही हो म्हटलं. तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत असे गोळे आले की मी ओरडलो, मग रक्तदाब पडला आणि डोळ्यांपुढं अंधार. जास्त पाणी असेल तर वेळ वाढवून मागा किंवा दुसऱ्या दिवशी परत या. चार तासांत कोंबू नका.

किती प्यायचं? ढोबळ माप असं, काल दिवसभरात लघवी जितकी झाली तितकं आणि वर अर्धा लिटर. त्यात चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट सगळं आलं. मी सकाळी तांब्यात मोजून भरतो. चहा घेतला की तेवढं पाणी तांब्यातून झाडाला. खरी मेख मात्र पाण्यात नाही, मिठात आहे. खर्डा, लोणचं, पापड, फरसाण खाल्लं की तहान आवरत नाही आणि मग माणूस स्वतःला दोष देत बसतो. मीठ सोडा, तहान आपोआप कमी होते. पण "लो सोडियम" लिहिलेलं मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि ते आपल्याला विष आहे.

पोटॅशियमबद्दल एवढंच सांगतो की बघायला येणारे पाहुणे शहाळं घेऊन येतात. शहाळं त्यांनाच प्यायला द्या. केळी, मोसंबीचा रस, सुकामेवा, टोमॅटोचं सार, सगळं बेतानं. बटाटा आणि भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या, ते पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात उकडून तेही टाकायचं. चव जाते, हे खरं आहे. करमळ, ते पाच धारांचं आंबट फळ, चाखायलाही नको. त्यातलं विष निरोगी माणसाचं मूत्रपिंड बाहेर टाकतं, आपलं टाकत नाही आणि ते मेंदूवर जातं. सुरुवात न थांबणाऱ्या उचकीनं होते. आणि सगळ्यात मोठा खाडा म्हणजे दोन दिवसांची सुट्टी. शनिवारी डायलिसिस, पुढचं मंगळवारी. रविवार-सोमवार जपून.

एक उलटी गोष्ट. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी खायला सांगतात. सुरू झाल्यावर ती वाढवायची असतात. हे बऱ्याच जणांना कुणी सांगत नाही आणि माणसं वर्षभर पेजेवर राहून वाळून जातात. अंड्याचा पांढरा भाग खा. शाकाहारी असाल तर आहारतज्ज्ञाकडून माप लिहून घ्या. जेवणातलं फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाच्या घासांबरोबर घ्यायची, जेवल्यावर तासानं घेतलीत तर पैसे वाया.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयात डायलिसिसला खिशातून खर्च पडत नाही. तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा, बिलाच्या खिडकीवर नंतर. प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयात अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. डायलिसिसच्या पेशंटला एसटीच्या साध्या गाडीत प्रवास सवलत आहे, दाखला जवळ ठेवा आणि कंडक्टरनं कटकट केली तर माझ्यातर्फे माफ करा. त्याला परिपत्रक कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

देणारा कोण

कायद्यानं जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, मुलं, भाऊ-बहीण, नवरा-बायको. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. यांच्या बाहेरचा कुणी असेल तर समितीपुढं जावं लागतं. घरातला देणारा असून रक्तगट जुळत नसेल तर तशाच दुसऱ्या जोडीबरोबर अदलाबदल करता येते. पैसे देऊन घेणं गुन्हा आहे, पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड. दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर "माणूस आहे आपला" म्हणणारा भेटतो. चहाचे पैसे देऊन उठा.

माझा रक्तगट ओ, म्हणजे मला ओ गटाचंच लागतं. बायको बी गटाची, त्यात तिला साखर. मुलगा तेव्हा बावीसचा होता. त्याचं मी घेणार नाही, हा विषय घरात बंद आहे. धाकटा भाऊ ओ गटाचा. तो स्वतः म्हणाला, मी देतो. तपासण्या झाल्या, आणि एक दिवस रुग्णालयानं सांगितलं, तो दाता म्हणून योग्य नाही. कारण विचारलं तर म्हणाले, ते दात्याचं खासगी आहे.

तीन वर्षांनी रानात बांधावर बसलो असताना त्यानं सांगितलं. दात्याला एकट्याला आत बोलावतात, घरचं कुणी सोबत नसतं. तिथं त्याला विचारलं, "तुला मनापासून द्यायचंय का?" तो रडला. नाही म्हणाला. त्यांनी ते आपल्या पोटात ठेवलं आणि आम्हाला "योग्य नाही" एवढंच सांगितलं. मी त्याला म्हटलं, बरं झालं. खोटं बोललो नाही. जबरदस्तीचं मूत्रपिंड घेऊन दर दिवाळीला त्याच्या तोंडाकडे कसं बघितलं असतं? तुमच्या घरात कुणी देणार असेल, विशेषतः बायको किंवा आई, कारण आपल्याकडे देणाऱ्यांत बायकाच जास्त, तर तिला आधीच सांगा की तिथं नाही म्हणता येतं. आणि दात्याचे प्रश्न वेगळे लिहा. मला पुढं रक्तदाब होईल का? दरवर्षी तपासणी कोण करणार? महिनाभर भाकरी-पाणी कोण बघणार?

यादी, आणि एक रात्र

मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयातर्फे नाव नोंदवावं लागतं. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा अवयवदानाच्या चार विभागीय समित्या आहेत. सातारकरांना पुणे. रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक असतात, त्यांना विचारा, "माझं नाव चालू यादीत आहे की तात्पुरतं बाजूला ठेवलंय?" हृदयाची तपासणी जुनी झाली, ताप आला, कागद राहिला, तर नाव बाजूला पडतं आणि माणूस घरी समजतो की आपण रांगेत आहोत. दर तीन महिन्यांनी विचारा. डायलिसिस कधीपासून चालू आहे ते गुणांत धरतात, म्हणून पहिल्या डायलिसिसचा कागद जपून ठेवा. माझा मानेच्या नळीच्या गडबडीत हरवला होता, तो मिळवायला चार खेपा झाल्या.

२०२२ च्या फेब्रुवारीत रात्री अकराला फोन आला. काही खाऊ नका, निघा. भाच्याच्या गाडीनं पहाटे तीनला पुण्यात. मूत्रपिंडं दोन आणि आम्ही बोलावलेले चौघं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो, फोन आला म्हणजे मिळालं असं नाही. रक्त घेतलं, क्रॉसमॅच केलं, म्हणजे दात्याशी जुळतं का ते तपासलं. सकाळी समजलं की माझ्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिद्रव्यं, म्हणजे परक्या अवयवावर हल्ला करणारे घटक, आहेत. बसवलं असतं तर शरीरानं लगेच नाकारलं असतं. खंबाटकी घाट उतरेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

ती प्रतिद्रव्यं कुठून आली? २०१९ मध्ये हिमोग्लोबिन ५.८ होतं तेव्हा दिलेल्या रक्ताच्या पिशव्यांमधून आली असावीत, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की शरीर ओळखायला शिकतं. बायकांमध्ये बाळंतपणामुळेही असं होतं. जीव वाचवायला रक्त लागलं तर घ्यायलाच हवं. पण "अशक्तपणा आहे, एक पिशवी चढवू" असं कुणी सहज म्हटलं तर सांगा, "मला प्रत्यारोपण करायचंय, लोह आणि रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शननं भागेल का?" हे वाक्य मला २०१९ मध्ये माहीत असतं तर.

प्रत्यारोपण झाल्यानंतरचं मी ऐकून सांगतो, शेजारच्या खाटेवरच्या एका मास्तरांचं झालं, त्यांच्याकडून. नवं मूत्रपिंड खाली ओटीपोटात एका बाजूला बसवतात, जुनी बहुधा तशीच ठेवतात. गोळ्या जन्मभर, घड्याळ लावून. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनचं औषध, त्याची पातळी बघायला रक्त द्यायचं असेल त्या सकाळी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, आधी घेतली तर आकडा चुकतो. पपनस खायचं नाही, औषधाची पातळी वाढते. आणि हेही कायमचं नाही. जिवंत दात्याचं पंधरा-वीस वर्षं, मेंदूमृत दात्याचं दहा-पंधरा, असा साधारण अंदाज. कुणाचं जास्त, कुणाचं पहिल्याच वर्षी जातं. मास्तरांनी रुग्णालय निवडताना दोनच प्रश्न विचारले होते, तुमच्याकडे वर्षाला किती होतात, आणि वर्षानंतर त्यांतली किती चालू असतात. एका ठिकाणी उत्तर द्यायला टाळलं. ते दुसरीकडे गेले.

आमच्या वाडीतल्या एका म्हातारीला, ऐंशीच्या पुढची, डायलिसिस लागेल असं सांगितलं. तिनं विचारलं, "नाही केलं तर किती दिवस, आणि त्रास काय काय होईल?" डॉक्टरांनी बसून सगळं सांगितलं, त्रास कमी ठेवायची औषधं दिली. तिनं मशीन घेतलं नाही. सून अजून कधी कधी मला विचारते, आम्ही चुकलो का. चुकला नाहीत, असं मी म्हणतो. तोही एक मार्ग आहे आणि तो विचारायची परवानगी कुणाकडून काढावी लागत नाही.

माझी पिशवी दाराच्या खुंटीला आहे. फाइल, योजनेचे कागद, टॉवेल, चार्जर, पाच हजार रुपये. समन्वयकांकडे तीन नंबर दिलेत, माझा, बायकोचा आणि भाच्याचा, कारण आमच्या खोऱ्यात एका कंपनीची रेंज गेली तरी दुसरीची असते. नंबर बदललात तर त्याच दिवशी कळवा. आमच्या शिफ्टमधल्या एकानं नवं सिमकार्ड घेतलं होतं.